'जरा एक विचारायचं होतं': फुकट सल्ला मागणाऱ्यांशी कसं वागावं

सांगलीत वकिली, डॉक्टरी किंवा सीएची प्रॅक्टिस करायची तर ऑफिसची वेळ फक्त पाटीवर असते. सकाळी आमराईत फिरायला जा, गणपती मंदिरात दर्शनाला जा, लग्नात अक्षता टाकून जेवायला वळा, कुणीतरी हळूच शेजारी येऊन उभं राहतं. "साहेब, जरा एक विचारायचं होतं." मग खिशातून घडी घातलेला सातबारा निघतो, नाहीतर लॅबचा रिपोर्ट, नाहीतर मोबाईलमधला भिंतीच्या भेगेचा फोटो.

मी दिवाणी वकील. जमीन, वाटण्या, खरेदीखतं, भाडेकरू हे माझं रोजचं काम, त्यामुळे उदाहरणं वकिलीतली जास्त येतील. पण पद्धत डॉक्टर, सीए, सिव्हिल इंजिनिअर, द्राक्षबागांचे सल्लागार अशा सगळ्यांना लागू पडते, कारण विचारणारी माणसं तीच असतात. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. नाही म्हणावं तर डोक्यात हवा गेली असं गावभर होतं, हो म्हणावं तर रविवारही आपला राहत नाही.

माझं मत आधीच सांगतो. फुकट सल्ला द्यायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती अर्धवट सल्ला द्यायला, आणि उभ्या उभ्या दिलेला सल्ला जवळजवळ नेहमी अर्धवट असतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा फुकट्या नसतो. तो घाबरलेला असतो. ऑफिसात पाऊल टाकलं की किती पैसे लागतील याची त्याला धास्ती असते, आणि तुम्हाला सगळं तोंडपाठ असणार, दोन मिनिटांचं काम, असं त्याला मनापासून वाटत असतं. त्यामुळे त्याला टाळायचं कसं याचा विचार सोडा. त्याला पूर्ण उत्तर मिळेल अशा जागी आणायचं कसं, तेवढंच बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

एका साध्या प्रश्नाच्या पोटात काय असतं

सांगली-तासगाव भागात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न घ्या. "बहिणीचं लग्न होऊन वीस वर्षं झाली. आता तिला शेतात वाटा येतो का?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं.

लग्नाचं वर्ष प्रत्येकजण आधी सांगतो, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत नेमका त्याने काही फरक पडत नाही. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वेगवेगळे निकाल येत होते. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 'गरज नाही' असं सांगून तो वाद मिटवला. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री या कायद्याने उलटत नाही. वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने झालेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली. 'आम्ही तोंडी वाटून घेतलं होतं' असं कुणी म्हटलं की जुने सरकारी कागद बारकाईने बघावेच लागतात.

आता मोजा. जमीन वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली? वडील आहेत का, नसले तर कधी गेले? मृत्युपत्र आहे का? वाटणी झाली का, कोणत्या साली, कशाने? बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलंय का, आणि दिलं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंय की नुसत्या स्टँपवर सही घेतलीय? स्थावर मिळकतीतला हक्क सोडल्याचा दस्त नोंदणी नसेल तर टिकत नाही, आणि घरोघरी कपाटात असे बिननोंदणीचे कागद पडून आहेत.

या सगळ्याची उत्तरं विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतात. अशा वेळी तुम्ही मठ्ठ्याचा घोट घेता घेता "येतो की वाटा" म्हणालात तर त्याच रात्री घरात भांडण पेटतं. "नाही येत" म्हणालात तर तो पुढच्या महिन्यात जमिनीचा इसार घेऊन बसतो, आणि दोन वर्षांनी बहीण, भाऊ आणि बिचारा खरेदीदार असे तिघेही कोर्टाच्या दारात उभे असतात. तुमचं नाव मात्र प्रत्येकाच्या तोंडी असतं: "वकिलांनीच सांगितलं होतं."

हे फक्त वकिलांचं दुखणं नाही. द्राक्ष सल्लागाराला रात्री पानाचा फोटो येतो, "कुठला स्प्रे घेऊ?" बागेत गेलं तर त्याचा पहिला प्रश्न असतो, "छाटणी कधीची? किती दिवस झाले?" फोटोत छाटणीची तारीख दिसत नाही. फोटो पानाच्या वरच्या बाजूचा असतो, आणि डाऊनी रोगाची पांढरी बुरशी बघायची तर पान उलटं करावं लागतं. माल निर्यातीला जाणार की बेदाण्याला, आधी काय काय मारलंय, काढणीला किती दिवस उरलेत, हे कळल्याशिवाय औषधाचं नाव सांगितलं आणि पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, चुकला, तर माल उर्वरित अंशाच्या तपासणीत अडकतो. इंजिनिअरला भेगेचा फोटो येतो तेव्हाही असंच. नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेग तिरकी आहे की उभी, आणि ती वाढतेय की थांबलीय, हे जागेवर जाऊन, काचेची पट्टी चिकटवून, तारीख लिहून काही आठवडे बघावं लागतं.

पहिली पायरी: समोर कोण आहे ते आधी विचारा

ही पायरी वकिलांसाठी आहे आणि तिच्यात अजिबात सूट नाही. माणूस गोष्ट सुरू करतो ती मधूनच. "तर काय झालं, धाकट्याने परवा..." इथेच त्याला थांबवा. "आण्णा, एक मिनिट. वाद कुणाशी आहे, तेवढं नाव आधी सांगा."

कारण सांगलीसारख्या शहरात दोन्ही भाऊ तुमच्या ओळखीचे असतात. थोरला पंगतीत भेटतो, धाकटा सोमवारी ऑफिसात येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे एखाद्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला असेल तर त्याच प्रकरणात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही. मांडवातली दहा मिनिटं तुम्ही सल्ला म्हणून धरत नसाल, थोरला मात्र धरणारच. शिवाय त्याने सगळं पोटातलं सांगून टाकलेलं असतं. ते ऐकून झाल्यावर धाकट्याचं वकीलपत्र घेणं मला तरी योग्य वाटत नाही, नियम बाजूला ठेवला तरी.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या व्यावसायिक बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने संरक्षण दिलेलं आहे. ते संरक्षण चार पाहुण्यांच्या समोर, वाढपी मागेपुढे फिरत असताना केलेल्या बोलण्याला मिळेल असं कुणीही गृहीत धरू नये. हे त्या माणसाला सरळ सांगा: "इथे सगळे ऐकतायत. तुमच्या घरची गोष्ट आहे, ती चार भिंतींत बोलू." एवढं म्हटलं की बहुतेक माणसं आपणहून गप्प होतात आणि तुमच्याबद्दल त्यांच्या मनात आदर वाढतो, राग येत नाही. डॉक्टरांनाही हे लागू आहे. बाईच्या आजाराबद्दल तिचा दीर मंगल कार्यालयात विचारत असेल तर उत्तर एकच: "त्यांनाच घेऊन या."

दुसरी पायरी: प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

माझी कसोटी साधी आहे. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना सारखंच आहे का? सारखं असेल तर तिथल्या तिथे, मोकळेपणाने, फुकट सांगून टाका. डिजिटल सहीचा सातबारा कुठे मिळतो? महाभूमीच्या संकेतस्थळावर, पंधरा रुपयांत. मृत्युपत्र नोंदवावंच लागतं का? कायद्याने सक्ती नाही, पण नोंदवलेलं बरं. रक्त उपाशीपोटी द्यायचं की जेवून? लॅबला विचारा, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा. अशा उत्तरांनी तुमचं काही जात नाही आणि माणसाचा हेलपाटा वाचतो. असल्या प्रश्नालाही "ऑफिसला या" म्हणणारे व्यावसायिक मी बघितलेत. ते मला पटत नाही.

उत्तर माणसागणिक बदलणारं असेल, 'माझ्या बाबतीत काय होईल' असा प्रश्न असेल, तर तो बैठकीचा विषय. तिथे एक वाक्यसुद्धा पुढे जायचं नाही. "साधारणपणे असं असतं, पण..." हे सगळ्यात धोक्याचं. ऐकणारा 'पण'च्या आधीचं घेऊन घरी जातो.

तिसरी जात घाईची. तिच्यासाठी हातातलं ताट खाली ठेवावं लागतं.

तिसरी पायरी: मुदत चालू आहे का, एवढं मात्र तिथेच बघा

"कागदावर तारीख काय आहे?" हा एक प्रश्न मी कुणालाही, कुठेही विचारतो आणि तुम्हीही विचारा. कारण काही बाबतीत 'मंगळवारी या' म्हणण्यानेच माणसाचं नुकसान होऊ शकतं.

बेदाण्याच्या व्यवहारात नेहमी घडणारं उदाहरण. शेतकऱ्याने माल दिला, व्यापाऱ्याने चेक दिला, चेक परत आला. शेतकरी म्हणतो, "देतो म्हणालाय, बघू दिवाळीपर्यंत." चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एक महिन्यात फिर्याद. पहिले ३० दिवस नुसत्या भरवशावर गेले, आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही संपल्याने तो पुन्हा भरता आला नाही, तर फौजदारी मार्ग हातचा गेला. मग उरतो दिवाणी दावा, त्याला लागणारी कोर्ट फी आणि वर्षं. म्हणून चेकबरोबर आलेल्या बँकेच्या मेमोवरची तारीख बघा आणि त्याला बोटावर मोजून दाखवा: "या तारखेच्या आत नोटीस गेली पाहिजे. माझ्याकडून पाठवा नाहीतर दुसऱ्या वकिलाकडून, पण पाठवा."

अशाच आणखी काही मुदती तोंडपाठ असू द्या. दाव्याचं समन्स आलं असेल तर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिली तर ९० पर्यंत. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत. तलाठ्याकडून फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस आली आणि नोंद मान्य नसेल तर हरकत १५ दिवसांत. यातलं काही असेल तर विषयाच्या खोलात न जाता तारीख सांगायची आणि दुसऱ्याच दिवशीची वेळ द्यायची. सीएंना त्यांच्या विवरणपत्रांच्या आणि नोटिशींच्या तारखा माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत.

डॉक्टरांची घाई वेगळी. छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय, घाम येतोय, आणि माणूस विचारतोय "ॲसिडिटी असेल ना?" इथे फी, वेळ, ओळख काही बघायचं नसतं. १०८ ला फोन लावा किंवा कुणाच्या तरी गाडीत घालून दवाखान्यात न्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना यात उशीर करायला काही कारणच नाही.

चौथी पायरी: काय बोलायचं, शब्दांसकट

'बघू नंतर', 'फोन करा कधीतरी', 'सध्या जरा गडबड आहे' ही उत्तरं देऊ नका. ती ऐकायला गोड असतात, पण माणूस पुढच्या लग्नात पुन्हा तिथेच उभा राहतो, आणि आता त्याला वाटत असतं की तुम्ही त्याचं देणं लागता. पहिल्याच वाक्यात फीही काढू नका. घाबरलेल्या माणसाला फीचा आकडा हा नकारच वाटतो.

मी तीन गोष्टी एका दमात सांगतो: विषय मोठा आहे, कोणते कागद लागतील, आणि कधी यायचं. "तात्या, हा विषय इथे उभ्या उभ्या बोलण्यासारखा नाही, उगाच काहीतरी चुकीचं सांगितलं जाईल. चालू सातबारा, आठ अ, सगळे जुने फेरफार आणि खरेदीखत असेल तर ते, एवढं घेऊन मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसला या. निवांत बसू." वार आणि वेळ पक्की सांगायची. 'कधीही या' म्हटलं की कुणी येत नाही, किंवा भलत्या वेळी येतं.

यातली कागदांची यादी सगळ्यात जास्त काम करते. ज्याला खरोखर अडचण आहे तो तलाठ्याकडे जाऊन फेरफार काढतो, कपाट उपसतो, आणि मंगळवारी सहाला दारात असतो. ज्याने नुसतं बोलण्यातून बोलणं काढलं होतं तो येत नाही, आणि कुणी कुणाला नाही म्हणालेलं नसतं. आणखी एक फायदा मी पुन्हा पुन्हा बघतो: कागद गोळा करताना माणसाला आपला प्रश्न नीट कळायला लागतो. "वाटा येतो का" विचारणारा येतो तेव्हा म्हणतो, "साहेब, १९८७ चा एक फेरफार सापडलाय, त्यात आईचं नाव आहे, नंतर कुठे गेलं कळत नाही." आता खरी चर्चा सुरू होते.

नात्याप्रमाणे सूर बदलतो, मजकूर तोच राहतो. सासुरवाडीकडच्यांना, व्याह्यांना जरा जास्त आदबीने: "तुमचं काम मी गडबडीत करणार नाही. कागद घेऊन या, सगळं बघतो." शाळेतल्या मित्राला सरळ: "अरे, कागद दाखव, मग बोलू. तोंडी सांगून तुला खड्ड्यात घालू काय?" वयस्कर काकींना कागदांची यादी तोंडी सांगून उपयोग नाही, चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे घरातलं कुणीतरी वाचेल. सरकारी अधिकारी किंवा ज्यांच्याशी तुमचं काम अडतं अशी माणसं विचारतात तेव्हा मन डळमळतं. तिथेही पद्धत तीच ठेवा. त्यांच्यासाठी वेळ लवकरची द्या हवं तर, पण कागद न बघता बोलू नका.

पाचवी पायरी: घरच्यांना तयार करा

निम्मे प्रश्न तुमच्यापर्यंत थेट येतच नाहीत. ते आईकडून येतात, बायकोच्या भिशीतून येतात, दाजींच्या फोनवरून येतात. "अगं, तुझ्या लेकाला विचार की जरा." आई संध्याकाळी विचारते, तुम्ही जेवता जेवता काहीतरी बोलता, आई तिला समजलं ते शेजारच्या आक्कांना सांगते, आक्का ते त्यांच्या भावाला. तीन तोंडांतून गेलेल्या सल्ल्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

घरात एकच वाक्य ठरवून द्या: "तो कागद बघितल्याशिवाय बोलत नाही." आईला हे सांगणं सोपं जातं, कारण त्यात कुणाला नकार दिलेला नाही, ही मुलाची सवय आहे. वर्षभर सगळ्यांना हेच ऐकू आलं की गावातही तसंच होतं. मग लोक आपणहून म्हणतात, "त्यांच्याकडे कागद घेऊन जावं लागतं." हे नाव झालं की निम्मं काम हलकं होतं. मात्र यात कुणालाही अपवाद नको. एका मावसभावाला गाडीत बसल्या बसल्या सल्ला दिला की बाकीच्या मावसभावांना ते आठवड्यात कळतं.

सहावी पायरी: फीचं बोलणं

फी सांगायची जागा म्हणजे त्याने वेळ पक्की करायला फोन केला ती. भेटीच्या आधी, आणि मोघम न ठेवता. "पहिल्या बैठकीचे मी इतके घेतो. तासभर बसू, कागद वाचू आणि काय करायचं ते लिहून देतो." लिहून देणं महत्त्वाचं. लोक बोलण्याचे पैसे द्यायला कुरकुरतात, पण हातात कागद पडला की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं, आणि चार दिवसांनी घरच्यांना दाखवताही येतं.

नातेवाइकांसाठी काय करायचं ते आधी ठरवून टाका आणि सगळ्यांना सारखं ठेवा. काही जण निम्मे घेतात, काही जण पहिली बैठक घरच्यांना फुकट ठेवतात. दोन्ही ठीक. ऐनवेळी, समोरचं तोंड बघून ठरवणं वाईट, कारण मग ज्याला जास्त लागले तो आयुष्यभर धरून बसतो.

वकिलांना एक बोलणं हमखास ऐकावं लागतं: "जमीन सुटली की तुम्हाला खूश करतो." हे हसून सोडून देऊ नका. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. तसं स्पष्ट सांगा: "तसं ठरवायला मला परवानगीच नाही. हप्त्याने द्या, चालेल."

द्राक्षाची पेटी, बेदाण्याचं पाकीट, घरची हळद, गुळाची ढेप हे सगळं येतं आणि ते प्रेमाने घ्यावं. पण ती फी नाही आणि फीच्या बदल्यातही नाही. पेटी आली म्हणून फी माफ केली असं एकदा झालं की पुढे प्रत्येकजण पेटी घेऊन येतो, आणि ज्याच्याकडे बाग नाही त्याला तुमच्याकडे यायची लाज वाटते.

सातवी पायरी: व्हॉट्सॲप

समाजाच्या, गल्लीच्या, शाळेच्या ग्रुपवर कुणी स्वतःचं प्रकरण टाकून तुमचं नाव टॅग केलं तर तिथे उत्तर देऊ नका. खासगी निरोप पाठवा. ग्रुपवर फक्त "तुम्हाला वेगळा मेसेज केलाय" एवढंच.

रात्री आलेल्या फोटोंसाठी एक मजकूर फोनमध्ये तयार ठेवा: "कागद मिळाले. फोनवर वाचून सांगणं योग्य होणार नाही. मूळ प्रती घेऊन अमुक वारी या. यात कोर्टाची किंवा तलाठ्याची नोटीस असेल तर ती मिळाल्याची तारीख आत्ता कळवा." शेवटचं वाक्य गाळू नका. व्हॉइस नोटवर सल्ला अजिबात नको. ती पुढे कुठे कुठे जाते आणि कोणत्या भांडणात वाजवली जाते याला धरबंध नसतो.

डॉक्टरांसाठी चित्र जरा स्पष्ट आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार फोनवर किंवा मेसेजवर तपासणं ही रीतसर तपासणीच धरली जाते: रुग्ण कोण याची खात्री करायची, नोंद ठेवायची, आणि प्रत्यक्ष तपासणीसारखी फी घेता येते. म्हणजे 'फोटो पाठवतो, गोळी सांगा' याला उत्तर दिलंत की जबाबदारी पूर्ण तुमची. मग ती तपासणी पूर्णच करा, वेळ ठरवून, व्हिडिओवर.

आठवी पायरी: फुकट द्यायचं ते पूर्ण द्या

प्रत्येक व्यावसायिकाने फुकट काम केलं पाहिजे असं मी मानतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत घराघरांतले दस्त, पासबुकं, विम्याचे कागद भिजून लगदा झाले. त्या दिवसांत लोकांना खरेदीखताची नक्कल कुठे मिळते, पंचनाम्याची प्रत कशी मागायची, विमा कंपनीला काय लिहायचं, हे सांगणाऱ्या माणसांची गरज होती, आणि त्या वेळी फी विचारणं शोभलं नसतं. पण असं काम टेबल टाकून, अर्ज लिहून, प्रती काढून केलं तरच उपयोगी पडतं.

तसंच रोजच्या प्रॅक्टिसमध्ये करा. महिन्यातली एक दुपार बाजूला काढा. त्या दुपारी येणाऱ्याची फाईल तशीच उघडा, कागद तसेच वाचा, सल्ला तसाच लिहून द्या. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला त्या दुपारची वेळ द्या. अशी जागा मनात ठरलेली असली की मांडवात नाही म्हणताना अपराधी वाटत नाही.

आणि सरकारी सोय सांगायला विसरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतल्या व्यक्ती, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. महिलेला उत्पन्नाची अट नाही, हे सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतं. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. नुसतं 'तिकडे जा' म्हणून सोडू नका. कुठल्या इमारतीत, कोणता अर्ज, सोबत काय न्यायचं, हे लिहून द्या. डॉक्टरांना फोनवरच्या मोफत तपासणीसाठी ई-संजीवनीची वाट दाखवता येईल.

तरीही कुणी रुसलं तर

रुसतात. विशेषतः ज्यांना आधी तुम्ही बोलता बोलता सांगत आलात ते. त्यांना समजावत बसू नका. त्यांच्या घरच्या कार्याला नेहमीसारखे जा, हाक मारा, तब्येत विचारा. विषय त्यांनी काढला तर तोच सूर, तोच वार. माझा अनुभव असा की बहुतेक जण एका हंगामात परत येतात, आणि येतात तेव्हा कागद घेऊन येतात. जे येत नाहीत त्यांचं काम दुसरा कुणीतरी वकील करतो आणि तेही चांगलंच आहे.

खिशात ठेवायची चिठ्ठी

व्हिजिटिंग कार्डापेक्षा मला एक छोटी छापील चिठ्ठी जास्त उपयोगी पडते. जमिनीच्या विषयासाठी तिच्यावर एवढंच आहे: चालू सातबारा आणि आठ अ, त्या गटाचे पहिल्यापासूनचे सगळे फेरफार, खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र यांतलं जे असेल ते, घरातल्या गेलेल्या माणसांचे मृत्यूचे दाखले, आजोबांपासूनची वंशावळ, हाताने लिहिलेली चालेल, आलेल्या नोटिसा, पाकिटांसकट, कारण पाकिटावर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख असते. खाली माझा बैठकीचा वार आणि वेळ.

आपल्या धंद्याप्रमाणे ही चिठ्ठी बनवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधीच्या ऑपरेशनचा कागद. सीएंच्या चिठ्ठीवर बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, फॉर्म १६, घर किंवा जमीन विकली असेल तर दोन्ही दस्त. द्राक्ष सल्लागाराच्या चिठ्ठीवर छाटणीची तारीख, फवारणीची वही, माती-पाणी-देठाचे रिपोर्ट. वकिलांनी सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक ओळ आणखी छापून घ्यावी: वाद ज्यांच्याशी आहे त्या सगळ्यांची पूर्ण नावं, भेटीच्या आधी फोनवर कळवावीत.